नुसती बॉडी

तपकीर गल्लीत, काउंटरवर कोपर टेकवून,
बडीशेप चावत दुकानदार म्हणाला,
"सेट नवा देऊ, का नुसती बॉडी?"

नुसती बॉडी, म्हटलं.
आणि आवंढा गिळला,
कारण हा शब्द मला दिवसातून दोनदा तरी
याच सेटमधून ऐकू येतो:
गेट तीन, गेट तीन, बॉडी निघाली, साखळी काढा.

साडेचारशे. बिल नको असेल तर चारशे.

गेट तीन इस्पितळाच्या पाठीमागे, नदीच्या अंगाला.
इथून लाँड्रीचा टेम्पो येतो, ऑक्सिजनच्या टाक्या येतात,
आणि समोरून चालत आलेले काही जण
इथून आडवे जातात.

त्या टेम्पोच्याच चाकानं सेटचा कोपरा खाल्ला.
चार महिने चिकटपट्टी, वर रबरबँड.
एजन्सीला कळवलं. एजन्सीनं कळवलं, फॉर्म भरा.
भरला. तो फॉर्म अजून कुठंतरी भरलेलाच आहे.

मग रात्रपाळीला मीच बसले,
डब्याचं झाकण उलटं ठेवून, स्क्रू हरवू नयेत म्हणून.
बॅटरी काढली. अँटेना उलटी फिरवली.
आवाजाची गुंडी लगेच आली हातात,
चॅनलची हट्टी, तिला दात लावावे लागले.
तळाशी दोन स्क्रू, चांदणीच्या खाचेचे;
पेचकस लिफ्टवाल्या घुग्यांचा, सकाळी परत द्यायच्या बोलीवर.
मग फटीत चपटं टोक घातलं, जरासं उचकटलं,
आणि भिजवलेला बदाम सालातून सुटावा
तसा आतला सगळा संसार पुढं सरकला.

सगळा नाही.
लाल आणि काळी, केसाएवढ्या दोन तारा
झाकणातल्या स्पीकरला धरून होत्या.
हिसका दिला असता तर जन्माचा मुका झाला असता.

आत धूळ. एक वाळलेली मुंगी.
तंबाखूचे दोन कण, ते कुदळेंचे, माझे नव्हेत.
माझ्याआधी अकरा वर्षं हा सेट त्यांच्या कमरेला होता.

जुन्या पाठीवर, पट्ट्याच्या क्लिपखाली,
खिळ्यानं ओढलेल्या रेघा आहेत.
चार उभ्या, एक आडवी. परत चार उभ्या.
तीन वर्षं त्या माझ्या बोटांना लागत आल्या.
मी त्यांना काय समजत होते ते कुणाला बोलले नाही,
फक्त बोट तिथं गेलं की बाजूला घ्यायचे.
एकदा मोजल्या. सत्तेचाळीस.

पहाटे फोन लावला. कुदळे आता सासवडकडं,
अंजिराच्या बागेवर राखणीला, पाचला जागेच असतात.
"अहो, त्या रेघा कसल्या?"
खूप वेळ हसले. मग खोकले.
"चहाच्या गं. लाँड्रीच्या पोराकडून येणं होतं माझं.
बुडवलं हरामखोरानं."

नव्या बॉडीला अजून कुणाचाच वास नाही.
बोलायचं बटण इतकं ताठ की अंगठा दुखतो.
स्पीकर बसवला, तारा दुमडून निजवल्या, स्क्रू आवळले.
एक रबरी कडं उरलं, कुठलं ते कळेना.
पावसात कळेल.
जुनी पाठ डब्यात ठेवली, पोळीच्या फडक्याखाली.
का, ते विचारू नका.

"गेट एक, गेट तीन बोलतीये. आवाज येतोय का?"
"येतोय की," बागवान म्हणाला, झोपेतला. "का, काय झालं?"
"काही नाही," म्हटलं. "बॉडी बदलली."

पलीकडं नुसती खरखर.
खुर्ची सरकल्याचा आवाज.
मग अगदी हळू,

"कुणाची?"